तालुक्याच्या गावात मेडिकलची जाहिरात कशी करावी?

नवा फार्मासिस्ट, बार्शी
बार्शीत मी औषधांचे किरकोळ दुकान चालवतो. ऑनलाइन कंपन्यांच्या सवलतींमुळे रक्तदाब-मधुमेहाचे नेहमीचे रुग्ण दुरावू लागले आहेत. दर्शनी भागात ‘सर्व औषधांवर १५ टक्के सूट’ असा फलक लावावा आणि जवळच्या डॉक्टरांशी टक्केवारीचे बोलून घ्यावे, असा सल्ला मला मिळतो आहे. यात अडचण येईल का?

जुना केमिस्ट, सोलापूर
आधी हिशेब मांडा. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात कमाल किंमत ठरवताना किरकोळ विक्रेत्याचा नफा १६ टक्के धरला आहे. म्हणजे कर बाजूला ठेवला, तर १०० रुपयांना घेतलेला माल ११६ रुपयांना जातो. त्यावर १० टक्के सूट दिली, की हाती ४ रुपये ४० पैसे राहतात आणि त्यातूनच भाडे, वीज, पगार भागवायचे. तुमच्या १५ टक्क्यांत तर अशा औषधांची खरेदीही सुटत नाही. टक्केवारीचा विषय मात्र सोडूनच द्या. ते व्यावसायिक आचारसंहितेत बसत नाही, आणि डॉक्टरांनी दवाखाना हलवला की गिऱ्हाईकही त्यांच्यामागे जाते.

फार्मसीची प्राध्यापिका, पुणे
दुकानाची वेळ किंवा फार्मासिस्टची उपस्थिती फलकावर जरूर लिहावी. ‘मधुमेहावर खात्रीशीर औषध मिळेल’ असे मात्र लिहू नये, कारण आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्याने अशा दाव्यांना मनाई केली आहे. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देऊन माणसे जोडणे ही आपल्याकडची सर्वांत जुनी आणि सर्वांत घातक जाहिरात आहे. शेड्यूल एच-वनमधील, म्हणजे काही अँटिबायोटिकांसारख्या विक्रीवर जास्त कडक नियंत्रण असलेल्या यादीतील, औषधांची स्वतंत्र नोंदवही तीन वर्षे जपावी लागते, हेही ध्यानात असू द्या.

एक ग्राहक, लातूर
आमच्या आईचे इन्सुलिन संपण्याआधी दुकानदार स्वतः फोन करतात आणि ते बर्फाच्या पिशवीसोबत बांधून देतात. गोळ्यांची अर्धी स्ट्रिप घेतली, तर बॅच क्रमांक व मुदतीची तारीख पाकिटावर लिहितात. सूट जेमतेम पाच टक्के मिळते, तरीही आम्ही दुकान बदललेले नाही.

जुना केमिस्ट, सोलापूर
असे फोन करण्यापूर्वी रुग्णाची संमती घ्यावी, आणि कोणाच्याही औषधाचे नाव व्हॉट्सअ‍ॅपच्या सामायिक ग्रुपवर टाकू नये. छोट्या गावात एवढ्यावरूनही आजाराची चर्चा होते.