वेताळ पडद्यावर आणायचा, तर जंगल काढून कसं चालेल?

टेकडीवाला
काल 'चंदेरी_पडदा' यांनी लिहिलं की वेताळावर, म्हणजे चित्रकथांमधल्या मुखवटेवाल्या 'फँटम'वर, आता सिनेमा करायचा तर जांभळा पोशाख, घोडा, कवटीची गुहा आणि जंगल, सगळं काढून टाका. त्याला आजच्या मुंबईत काळ्या सूटमध्ये आणा. कारण काय, तर १९९६ चा 'द फँटम' हा इंग्रजी सिनेमा 'जसाच्या तसा' केला म्हणून आपटला. दोन ओळी लिहून गप्प बसणार होतो, पण रात्रभर डोक्यातून जाईना.

तो सिनेमा जसाच्या तसा नव्हताच. त्यात वेताळ झालेल्या बिली झेनला चित्रातली पट्ट्यापट्ट्यांची चड्डी दिलीच नाही. मुखवट्यातून त्याचे डोळे दिसत होते. चित्रातल्या वेताळाला बुबुळं नाहीत, नुसत्या पांढऱ्या फटी. तो कुणाकडे बघतोय ते कळत नाही, म्हणून तर समोरचा टरकतो. आणि कथा कुठली? जादूच्या कवट्या गोळा करणारा न्यूयॉर्कचा धनदांडगा! अहो, वेताळाकडे जादू नाही हाच तर त्याचा मोठेपणा. १५३६ मध्ये एकाने कवटीवर हात ठेवून शपथ घेतली, तेव्हापासून बापामागून मुलगा तोच मुखवटा चढवतोय. आपला वेताळ एकविसावा. जंगलाला वाटतं, हा एकच माणूस आहे आणि तो मरत नाही. त्याची सगळी शक्ती लोकांच्या या समजुतीत आहे. जंगल काढलंत तर उरतो घट्ट कपड्यातला एक पैलवान.

मी पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या पायथ्याशी वाढलो. १९७९ साली, आठ वर्षांचा असताना, माझी खात्री होती की कवटीची गुहा टेकडीवरच्या खाणीत आहे. आजी म्हणायची, वेताळाच्या नावाने खेळ करू नका, वर देऊळ आहे. एका दुपारी दोन सेलची बॅटरी घेऊन एकटा गेलो. एका कपारीत वाकून "वेताळा!" अशी हाक मारली. आवाज फिरून आला. चप्पल तिथेच टाकून घरापर्यंत पळालो. ही भीती मुंबईच्या गच्चीवर मिळणार नाही.

चंदेरी_पडदा
तुमच्या आठवणीचा आदर आहे, पण आठवणीवर सिनेमा चालत नाही. माझ्या दोन्ही मुलांना तो १९९६ चा सिनेमा दाखवला, वीस मिनिटांत उठून गेली. बॅटमॅन बघा. १९३९ चं पात्र. १९६६ च्या टीव्ही मालिकेत रंगीबेरंगी आणि विनोदी, २००५ मध्ये काळाकुट्ट आणि गंभीर. लोकांनी दोन्ही डोक्यावर घेतले. मग वेताळालाच सोवळ्यात का ठेवायचं?

टेकडीवाला
बॅटमॅनचं गॉथम काढलं का कुणी? कपडे बदलले, शहर तेच राहिलं. आणि तुमचा प्रयोग होऊन गेलाय. २००९ च्या छोट्या मालिकेत वेताळाला आजच्या काळात आणला, नवा सूट चढवला. कुणाला आठवते ती?

नैरोबी_तीन_वर्षं
मी दोघांशीही सहमत नाही. कंपनीच्या कामासाठी तीन वर्षं नैरोबीत होतो. पुण्याहून जाताना वेताळाच्या गोष्टी छापणाऱ्या इंद्रजाल कॉमिक्सचे पाच-सहा अंक नेले होते. हापिसातल्या एका सहकाऱ्याने जेवणाच्या सुट्टीत एक अंक चाळला. बराच वेळ काही बोलला नाही. मग एका चौकटीवर बोट ठेवलं. सिंहासनावर वेताळ, मागे भाले धरून ओळीत उभे बांदर, म्हणजे त्या जंगलातल्या जमातीचे लोक. म्हणाला, "ह्यातल्या एकाचंही नाव का नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पंचवीस वर्षं ती चित्रं बघत होतो, पण त्या माणसांकडे एकदाही नीट बघितलं नव्हतं.

त्यामुळे टेकडीवाले, जंगल ठेवा. पण चारशे वर्षं गोरा राजा आणि काळी प्रजा हे आज जसंच्या तसं दाखवलंत, तर मी तिकीट काढणार नाही.

शनिवारपेठी
झालं, आलं राजकारण! वेताळाने कधी कुणाची जमीन लुबाडली? चाच्यांशी, गुलामांच्या व्यापाऱ्यांशी लढला तो. वेताळ रचणाऱ्या ली फॉकनेच पुढे तिथल्या डॉ. लुआगाला निवडणुकीने आलेला राष्ट्राध्यक्ष केला. आपल्या इंद्रजालवाल्यांनीही वेताळाच्या देशाचं नाव बदलून डेंकाली केलं, कारण मूळ नावात बंगालचा भास व्हायचा. चाच्यांच्या 'सिंग' टोळीचं नाव बदललं. १९९६ च्या सिनेमानेही 'सेंघ' केलंच की. जे खटकलं ते शांतपणे बदललं, गाजावाजा केला नाही.

नैरोबी_तीन_वर्षं
म्हणजे बदल करता येतो, हे तुम्हीच सिद्ध केलंत. आभार.

दुसरी_डायना
तुम्ही सगळे इंग्रजी सिनेमाबद्दल भांडताय. माझं दुखणं वेगळं आहे. आम्ही वेताळ मराठीत वाचला. पण सिनेमा आला की हिंदी, तमीळ, तेलुगू डबिंग असतं, मराठी सहसा नसतं. आणि मराठी करायचं ठरलंच, तर एक प्रश्न सोडवावा लागेल. इंग्रजीत सगळ्यांना 'यू' म्हणून सुटता येतं. मराठीत वेताळाची बायको डायना त्याला काय म्हणेल? अहो की अरे?

शनिवारपेठी
अर्थात अहो. काळ १९३० चा आहे.

दुसरी_डायना
काळ कुठलाही असो, ती अमेरिकन मुलगी आहे, संयुक्त राष्ट्रांत नोकरी करते. १९३६ साली भेटलेल्या माणसाशी लग्न व्हायला तिला १९७७ उजाडलं. एवढं थांबलेली बाई नवऱ्याला अहोजाहो करेल?

शनिवारपेठी
आमच्या घरी आईने वडिलांना जन्मात अरेतुरे केलं नाही आणि तिचा शब्द घरात शेवटचा असायचा. अहो म्हणणारी बाई दुबळी असते, हा तुमचा गैरसमज आहे.

दुसरी_डायना
मी दुबळी म्हटलंच नाही. माझ्या लग्नानंतर पहिल्या दिवाळीला सासूबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, नवऱ्याला अरे म्हणतेस, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही. ताटात अनारसा होता, तो तसाच ठेवून उठले. बावीस वर्षं झाली, अजून अनारसा खात नाही. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी फालतू नाही.

चंदेरी_पडदा
सिनेमाचा विषय होता. सासूबाई कुठून आल्या?

दुसरी_डायना
तुम्हाला जंगल नको, घोडा नको, आता भाषाही नको. मग वेताळातलं तुम्हाला हवंय तरी काय?

शनिवारपेठी
ताई, अनारशाचं वाईट वाटलं. पण पडद्यावरचा वेताळ बायकोने अरे म्हटल्यावर माझ्या कानाला खुपेल, हेही खरं सांगतो. माझी सून मुलाला अरेच म्हणते. घरात मी काही बोलत नाही.

नैरोबी_तीन_वर्षं
डायनाचं राहू द्या. गुरन काय म्हणेल ते सांगा. माझा प्रश्न तिथेच आहे. गुरन बांदरांचा प्रमुख, वेताळाचा लहानपणापासूनचा मित्र. त्या मुखवट्यामागचा चेहरा माहीत असलेल्या मोजक्या माणसांपैकी एक. मराठीत वेताळ त्याला 'अरे गुरन' म्हणणार आणि गुरन 'आपण' म्हणणार का? तसं झालं तर तो नोकर ठरतो. दोघं एकमेकांना अरे म्हणाले तर मित्र. इंग्रजीत हे झाकलं जातं, मराठीत झाकताच येत नाही.

टेकडीवाला
हे मला सुचलं नव्हतं. काल रात्री माळ्यावरून उरलेले सात अंक काढले आणि फक्त गुरनच्या चौकटी बघत बसलो. तो बहुतेक वेळा वेताळाच्या मागेच उभा आहे, एक पाऊल. लहानपणी मला तो रक्षक वाटायचा.

तुमचं म्हणणं मान्य करायला जड जातंय, पण करतो. पहिला प्रसंग असा हवा: गुहेत एकविसाव्याचा बाप मरणपंथाला, पोरगा घाबरलेला, आणि तो जांभळा पोशाख त्याच्या हातात देणारा गुरन. "घाल रे. बाहेर लोक थांबलेत." जंगलाची समजूत टिकवणारा वेताळ एकटा नाही. बांदरांना सगळं माहीत आहे, पिढ्यान्‌पिढ्या ते गुपित त्यांनी राखलंय. त्यांनी तोंड उघडलं असतं तर एका दिवसात खेळ संपला असता.

नैरोबी_तीन_वर्षं
ह्या सिनेमाचं तिकीट काढीन. मागच्या प्रत्येक माणसाला नाव द्या, एवढी अट.

चंदेरी_पडदा
प्रसंग चांगला आहे, नाही म्हणत नाही. पण ह्यात मुंबई बसू शकते, हे माझं मत कायम आहे. आणि पट्ट्यांची चड्डी आजचं पोरगं बघून हसेल.

टेकडीवाला
पहिल्यांदा हसू दे. माझी पुतणीही हसली होती. मग तिला ती चौकट दाखवली, ज्यात अंधारात फक्त दोन पांढरे डोळे आहेत. तिने अंक मिटला आणि दिवा लावायला सांगितला. चड्डीवर तडजोड नाही.

शनिवारपेठी
गुरनचा अरे मंजूर. डायनाचं मी अजून ठरवलेलं नाही.

दुसरी_डायना
ते तुम्ही ठरवायचं नाहीये, डायनाने ठरवायचंय.