एचडीआर दृश्यासाठी १६ बिटी फ्लोट टेक्स्चर अनिवार्य मानावे का?

तिरीप:
ज्या दृश्यात ऊन आणि गडद सावली एकत्र येतात, म्हणजे उजेडाचा पल्ला फार मोठा (एचडीआर) असतो, त्याचा प्रकाश प्रत्येक रंगाला ८ बिट देणाऱ्या टेक्स्चरमध्ये (पिक्सेलांची मूल्ये ठेवणाऱ्या तक्त्यात) साठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे १.० च्या (पूर्ण पांढऱ्याच्या) वरचे प्रत्येक मूल्य छाटले जाते. त्यामुळे खिडकीबाहेरचे आभाळ आणि दिव्याची काच सारखीच पांढरी होते, आणि पुढे टोन मॅपिंग (पडद्याला झेपेल इतका उजेडाचा पल्ला आवळणे) कितीही चांगले केले तरी त्यांतला फरक परत मिळत नाही. १६ बिटी फ्लोटमध्ये (दशांशचिन्ह सरकू शकणाऱ्या संख्येत) पल्ला ठरवणाऱ्या घातांकाला ५ आणि बारकावा ठरवणाऱ्या मँटिसाला १० बिट मिळतात व कमाल मूल्य ६५,५०४ असते. २००३ साली खुल्या झालेल्या ओपनईएक्सआर या चित्र-फाइलींच्या स्वरूपातही हाच संख्याप्रकार आहे. तेव्हा मुख्य बफरसाठी (ज्यात पूर्ण दृश्य रंगवले जाते त्या टेक्स्चरसाठी) दुसरा विचारच करू नये.

पाझर:
असहमत. १९२० × १०८० च्या पडद्याला चार रंगवाहिन्यांचा असा बफर सुमारे १६.६ एमबी घेतो आणि ४के ला ६६ एमबी. जागेचे एक वेळ चालवून घेता येईल. परंतु पारदर्शक धूर रंगवताना तेच पिक्सेल पुन्हा पुन्हा वाचून लिहावे लागतात, आणि फोनवर ही बँडविड्थ (मेमरीशी होणारी ये-जा) थेट बॅटरीतून जाते. ११-११-१० फ्लोट (लाल व हिरव्याला ११ आणि निळ्याला १० बिट) निम्म्या जागेत बसतो आणि त्याचाही घातांक ५ बिटांचाच असल्यामुळे पल्ला जवळपास तेवढाच मिळतो.

तिरीप:
पल्ला मिळतो, पण बारकावा जातो. त्यात लाल आणि हिरव्याला मँटिसाचे ६ बिट आहेत, निळ्याला केवळ ५. संध्याकाळच्या आभाळात पट्टे उमटतात ते यामुळेच, आणि निळा वेगळ्या पायरीवर पूर्णांकित होत असल्याने त्यांना पिवळट झाकही येते. शिवाय त्यात अल्फा (पारदर्शकतेची वाहिनी) नाही आणि ऋण मूल्येही बसत नाहीत.

कवडसा:
आपण दोघेही एक गोष्ट सोडून देत आहात. माध्यान्हीच्या सूर्यबिंबाची दीप्ती चौरस मीटरला १०० कोटी कँडेलाहून अधिक असते. ती भौतिक एककांत दोन्ही प्रकारांत मावत नाही, म्हणून लिहिण्याआधीच एक्स्पोजरने (उजेड कमी-जास्त करणाऱ्या गुणकाने) गुणावे लागते. ते न केल्यास एखादा पिक्सेल अनंत होतो आणि ब्लूमची (उजळ जागेभोवती दाखवलेल्या झळाळीची) धूसरता तो डाग आसपास पसरवते. दुसरे असे की, १६ बिटी फ्लोटमध्ये २०४८ अधिक १ याचे उत्तर २०४८ च येते, त्यामुळे उजळ जागी शेकडो मंद दिवे एकेक करून मिळवले तर त्यांचा प्रकाश नाहीसा होतो. शेडरमध्येच (पिक्सेलचा रंग काढणाऱ्या प्रोग्रॅममध्येच) ३२ बिटांत बेरीज करून एकदाच लिहिणे हा त्यावरचा खरा उपाय आहे.

पाझर:
बेरजेचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. आभाळाच्या पट्ट्यांसाठी मात्र मी लिहिण्यापूर्वी डिदरिंग (पट्टे मोडण्यासाठी मूल्यांत किंचित फेरफार मिसळणे) करीन आणि फोनवर ११-११-१० च ठेवीन. डेस्कटॉपवर तिरीप यांचे म्हणणे स्वीकारण्यास माझी हरकत नाही.