शेरशहाच्या वाट्याचे श्रेय

अकबराची महसूलपद्धती सर्वस्वी त्याच्याच दरबारात जन्मली, असे मांडले जाते. शेरशहा सूर याला त्या श्रेयातून वगळणे मला मात्र अन्यायाचे वाटते. १५४० मध्ये कनौजजवळ हुमायूनचा पराभव करून दिल्लीचे तख्त मिळवणाऱ्या या अफगाण बादशहाला जेमतेम पाच वर्षे लाभली, तरी जमिनीची मोजणी करून, तिची प्रत पाहून शेतसारा ठरवण्याची आणि रयतेला पट्टा (जमीन व साऱ्याची नोंद असलेला लेखी दस्तऐवज) देऊन तिच्याकडून कबुलायत (सारा भरण्याची लेखी कबुली) घेण्याची जी रीत त्याने घालून दिली, तिची मुळे वडिलांची बिहारमधील सासारामची जहागीर सांभाळताना आलेल्या अनुभवात होती. शेतकऱ्याशी सरकारचा थेट संबंध असावा, हा त्यामागचा विचार मला त्याच्या सर्व विजयांपेक्षा मोठा वाटतो. पुढे अकबराच्या महसुलाची घडी बसवणारा तोडरमल आधी शेरशहाच्याच चाकरीत होता आणि झेलमजवळच्या रोहतास किल्ल्याचे बांधकाम त्याच्याकडेच सोपवलेले होते. सुमारे साडेअकरा ग्रॅम वजनाचा शेरशहाचा चांदीचा रुपयाही मुघलांनी पुढे चालू ठेवला. १५४५ मध्ये कालिंजर किल्ल्याच्या वेढ्यात दारूगोळ्याच्या स्फोटात भाजून तो मरण पावला. सासारामच्या तलावाच्या मधोमध त्याची कबर आजही उभी आहे.