काफ्काच्या मेटामॉर्फोसिसचं मांगा करतोय, किडा दाखवायचा की नाही?

रेघारेघी:
मंडळी, सल्ला हवाय. मी आणि माझी मैत्रीण मिळून काफ्काच्या मेटामॉर्फोसिस या कथेचं मांगा, म्हणजे जपानी धाटणीचं कॉमिक, करतोय, चित्रं तिची, स्क्रिप्ट माझी. डोळ्यासमोर आहेत ती 14-15 वर्षांची मुलं, जी मांगाच्या वॉल्यूमच्या वॉल्यूम एका बैठकीत संपवतात पण काफ्का कधी हातात घेतलेला नाही. गोष्ट तीन भागांची आणि छोटी आहे त्यामुळे काय कापायचं हा प्रश्न तसा नाहीये. अडलंय वेगळ्याच ठिकाणी. गोष्टीचा नायक ग्रेगोर किडा झालाय हे पहिल्याच वाक्यात कळतं, आणि मैत्रिणीचं म्हणणं पहिलं पान म्हणजे पानभर किडा, पाय वळवळतायत, वाचक तिथेच अडकला पाहिजे. मला पटतंही आणि भीतीही वाटते. कारण 1915 मध्ये पुस्तक निघत होतं तेव्हा काफ्काने प्रकाशकाला मुद्दाम पत्र लिहून कळवलं होतं की मुखपृष्ठावर किडा काढू नका, लांबून दिसणारासुद्धा नको. त्याऐवजी त्याने स्वतः सुचवलं होतं की बंद दारासमोर आईवडील आणि ऑफिसचा मोठा कारकून दाखवा, नाहीतर उजेडाच्या खोलीत आईवडील आणि बहीण, आणि शेजारच्या अंधाऱ्या खोलीचं दार उघडं. छापलं गेलं त्या चित्रातही किडा नाही, अर्धवट उघडं दार आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून लांब जाणारा एक माणूस आहे.

मग आम्ही काढायचा का? दुसरं म्हणजे मूळ गद्य किती ठेवायचं, आणि तिसरं, पानं जपानी मांगासारखी उजवीकडून डावीकडे लावायची का? जे सुचेल ते सांगा.

पानउलट्या:
माझं मत, काढू नका. आणि हे काफ्काचा मान ठेवायचा म्हणून नाही सांगत, गोष्ट बिघडेल म्हणून सांगतोय. गद्यात किडा प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा असतो, कोणाला झुरळ दिसतं, कोणाला भुंगा, कोणाला नुसतंच काहीतरी किळसवाणं आणि ओलं. एकदा चित्र काढलं की ते सगळं संपलं, मग तो एकच किडा, अमुक आकाराचा, इतक्या पायांचा, आणि या मुलांनी मांगात याहून भयंकर राक्षस शेकड्याने बघितलेत, ते पान उलटून पुढे जातील.

त्यापेक्षा दाराचा विचार करा ना. पहिल्या भागात बराच वेळ दार बंदच आहे, आत ग्रेगोर आणि बाहेर आई, बाप, बहीण आणि मग तो मोठा कारकून येतो. ग्रेगोरला वाटतं आपण स्पष्ट बोलतोय पण बाहेरच्यांना शब्द कळत नाहीत. हे गद्यात सांगावं लागतं पण मांगात नुसतं दाखवता येतं. दाराच्या आतल्या पॅनलमध्ये (चित्राच्या चौकटीत) त्याच्या बलूनमधलं, म्हणजे संवादाच्या फुग्यातलं, लेटरिंग स्वच्छ ठेवा, त्याच वाक्याचा बाहेरच्या पॅनलमधला बलून गिचमिड, वाचता न येणारा. वाचक दोन्ही बाजूंना आहे आणि घरचे एकाच बाजूला. हळूहळू आतलं लेटरिंगही बिघडत गेलं तर काय होईल बघा, तिसऱ्या भागात येईपर्यंत त्याला बलूनच उरू नये. हे करायला किडा कुठेच लागत नाही.

तिसरी_घंटा:
पानउलट्या, लेटरिंगची कल्पना फार आवडली पण पहिल्या मुद्द्यावर मी तुमच्याशी सहमत नाही. काफ्काने चित्राला नको म्हटलं ते मुखपृष्ठावर. आतल्या मजकुरात मात्र पहिल्याच परिच्छेदात टणक पाठ आहे, कमानी-कमानींचं तपकिरी पोट आहे, त्यावरून घसरायला आलेलं पांघरूण आहे आणि डोळ्यांसमोर वळवळणारे बारीक बारीक पाय आहेत. म्हणजे लेखक काही लपवत नाहीये. तुम्ही पूर्ण लपवलंत तर नवीन वाचकाला वाटेल की हे रहस्य आहे, शेवटी उलगडणार, आणि तो शेवटपर्यंत वाट बघत बसेल. ती ही गोष्टच नव्हे.

यात नीट बघितलं तर एक गंमत आहे की ते सगळं वर्णन ग्रेगोरला पडल्या जागेवरून जेवढं दिसतं तेवढंच आहे. त्याने मान जरा उचलली तेव्हा दिसलेलं पोट आणि पाय. स्वतःचा चेहरा त्याला दिसत नाही. मग पॅनलही तिथूनच लावा, उशीवरून खाली बघताना दिसतं तेवढंच. मैत्रिणीला पानभर चित्र हवंय तर तेही देता येतं, पानभर पोट आणि पाय आणि पलीकडे नेहमीची खोली, टेबलावर कापडांचे नमुने, भिंतीवर फरवाल्या बाईचं चित्र. खोली जितकी साधी तितकं ते जास्त अंगावर येईल. आणि दार उघडतं तेव्हा कॅमेरा फिरवू नका, तेव्हा दाखवा कारकुनाचं तोंड, आईचं कोसळणं, बापाने मूठ आवळणं आणि मग रडणं. दुसऱ्या भागात खोलीतलं फर्निचर हलवताना आईला फुलाफुलांच्या वॉलपेपरवर मोठा तपकिरी डाग दिसतो, तिथे हवं तर एकदाच, लांबून, नुसता आकार. आईला जेवढं दिसलं तेवढंच.

असा पेच जपानी लेखक दाझाई ओसामूच्या निनगेन शिक्काकू या कादंबरीतही आहे (1948). सुरुवातीलाच निवेदक तीन फोटोंचं वर्णन करतो आणि तिसऱ्यातला चेहरा असा आहे म्हणे की नजर बाजूला केली की आठवतच नाही. आता न आठवणारा चेहरा काढायचा कसा? आणि मांगावाल्याला तर हिरो पानोपानी काढायचाय. तिचा मांगा करताना फुरुया उसामारूने ते सगळं आजच्या काळात आणलं, मांगाकारालाच इंटरनेटवर कोणाचे तरी फोटो आणि डायरी सापडते. इतो जुन्जीने 2017 पासून केलं त्यात सरळ भयकथेची वाट धरली, मनातली अपराधाची भावना भुतांसारखी समोर येऊन उभी राहते. दोघांनीही मुळाबरहुकूम केलं नाही पण दोघांनी स्वतःचं उत्तर शोधलं. तुम्हालाही तेच करावं लागणार, पत्रात काय लिहिलं होतं ते पुरणार नाही.

जुनीप्रत:
स्पष्टच लिहितो. मूळ गोष्ट एका संध्याकाळात वाचून होते, तिचा मांगा कशाला करायचा? मुलांना वाचता येत नाही असं का धरून चालायचं? चित्र हातात दिलं की मूळ पुस्तकाकडे कोणी वळत नाही.

मधलीओळ:
जुनीप्रत, काळजी समजते पण अनुभव उलटाही आहे. 2017 मध्ये हागा शोइचीने योशिनो गेन्झाबुरोच्या 1937 सालच्या किमीताची वा दो इकिरू का या पुस्तकाचा मांगा केला, त्याच्या 20 लाखांवर प्रती गेल्या आणि सोबत मूळ पुस्तकाचीही नवी आवृत्ती काढली गेली, तीही लोकांनी घेतली. गेंजी मोनोगातारी हे जपानी अभिजात पुस्तक तर हजार वर्षांपूर्वीचं, 54 प्रकरणांचं, आणि जपानमधल्या आजच्या मुलांनाही ती जुनी भाषा सहज कळत नाही. यामातो वाकीने 1979 पासून चौदाएक वर्षं लावून त्याचा मांगा पूर्ण केला आणि शाळकरी मुलं जुन्या भाषेच्या परीक्षेआधी तो वाचतात, कोण कोणाचं कोण हे आधी डोक्यात बसलं की मूळ उतारा अंगावर येत नाही. हे काही मूळ बाजूला सारणं झालं नाही.

रेघारेघी, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला हागाच्या मांगातच सापडतं. त्या पुस्तकात मुलाचा मामा एका वहीत त्याच्यासाठी विचार लिहून ठेवतो. सोपा रस्ता होता की मामाला सोफ्यावर बसवायचं आणि ते सगळं बलूनमधून बोलायला लावायचं. तसं केलेलं नाही, वहीची पानं पानांसारखीच छापली, सलग गद्य, चित्र नाही. मांगा मध्येच थांबतो आणि तुम्ही वाचायला लागता. जिथे मूळ मजकूर हीच घटना आहे तिथे तो मजकूर तसाच ठेवावा, आणि जिथे मजकूर फक्त काय झालं ते सांगतोय तिथे चित्राला काम करू द्यावं, मी तरी असंच ठरवीन.

काफ्काच्या बाबतीत अवघड आहे तो निवेदकाचा सूर. तो किती शांतपणे सांगतो बघा, माणूस किडा झालाय आणि तो ट्रेन चुकली याची काळजी करतोय. बलूनला कोणीतरी बोलणारा लागतो पण हा सूर कोणाच्याच तोंडचा नाही. प्राइड अँड प्रेज्युडिसचे मांगा वाचताना मला हेच जाणवतं, माणसं सगळी आहेत, कपडे आहेत, नाच आहेत, पण जी बाई हे सगळं मिश्किलपणे सांगत होती ती कुठे गेली? तुम्ही कॅप्शनमध्ये निवेदक ठेवा, कमी ठेवा पण ठेवा. आणि चित्रं जेव्हा जास्तीत जास्त भेदरलेली असतील तेव्हा कॅप्शन सगळ्यात थंड असू द्या. वेगाच्या रेघा, घामाचे थेंब, किंचाळणारे ध्वनिशब्द या गोष्टी घरच्यांसाठी राखून ठेवा, ग्रेगोरला त्यातलं काही नको.

रेघारेघी:
सगळ्यांचे खूप खूप आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. मैत्रिणीला थ्रेड दाखवला. उशीवरून दिसणारं पोट तिला एकदम पटलं, तिने रफ काढायलाही घेतलंय, आणि दोन प्रकारच्या लेटरिंगवर आम्ही दोघं ठाम आहोत. वॉलपेपरवरच्या डागावर मात्र अजून वाद चालू आहे, तिला तो नुसता राखाडी टोनचा ठिपका हवाय आणि मला वाटतं पाय थोडे तरी दिसावेत नाहीतर आई बेशुद्ध का पडली ते मुलांना पोचणार नाही. पानसंख्या किती असावी यावर कोणी काही सांगेल का? आम्ही साधारण 120 धरतोय.

तिसरी_घंटा:
120 ठीक वाटतं, फक्त तीन भागांना सारखी वाटून देऊ नका. पहिल्या भागात एकच सकाळ आहे आणि पुढच्या दोन भागांत महिने जातात, तरी पहिल्यालाच जास्त पानं द्या. मांगाकार तेझुका ओसामूने 1953 मध्ये दोस्तोएव्हस्कीचं क्राइम अँड पनिशमेंट केलं तेव्हा एवढी मोठी कादंबरी साधारण 130 पानांत बसवली, अर्थात पुष्कळ सोडलं आणि शेवटही बदलला, पण खुनाच्या वेळचा जिना मात्र सावकाश घेतला, जिन्यात कोण वर येतंय कोण खाली जातंय ते बघत वाचक थांबून राहतो. उलट आराई ताकाहिरोच्या ले मिझराब्लचे 8 वॉल्यूम आहेत आणि तिथे बिशप आणि चांदीच्या भांड्यांच्या प्रसंगाला श्वास घ्यायला जागा मिळते, जी एका वॉल्यूमच्या आवृत्त्यांत मिळूच शकत नाही. तुमचा जिना म्हणजे ती सकाळ.

डागाबद्दल मी मैत्रिणीच्या बाजूने.

पानउलट्या:
हक्कांचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. काफ्का 1924 मध्ये गेला त्यामुळे मूळ जर्मन मजकूर मोकळा आहे, लेखकाच्या मृत्यूनंतर 70 वर्षं धरली तरी. पण तुम्ही स्क्रिप्ट कशावरून लिहिताय? अनुवादावरून लिहीत असाल तर अनुवादकाचा हक्क वेगळा असतो आणि तो अनुवादकाच्या मृत्यूपासून मोजतात. वाक्यंच्या वाक्यं उचलणार असाल, आणि कॅप्शनसाठी तुम्ही उचलणारच, तर परवानगी घ्या किंवा जर्मन येणाऱ्या कोणाकडून स्वतंत्र अनुवाद करून घ्या. मांगा दे दोकुहा या, प्रसिद्ध पुस्तकांचे मांगा काढणाऱ्या, जपानी मालिकेतही मेटामॉर्फोसिस आहे, ते बघा जरूर पण त्यातली रचना, चेहरे, पॅनल हे त्यांचं, गोष्ट मोकळी असली तरी.

पानांच्या दिशेबद्दल, माझ्या मते डावीकडून उजवीकडे. जपानी मांगा उजवीकडून वाचतात कारण ती मुळात तशी काढलेली असतात, उलटी छापली की डावरी माणसं उजवी होतात आणि चित्रकाराने ठरवलेली नजरेची वाट मोडते. तुमची चित्रं अजून व्हायचीयत. मांगा क्लासिक्स ही इंग्रजी मालिका काढणारे उजवीकडून लावतात, लंडनच्या सेल्फमेडहीरो या प्रकाशनाने मांगा शेक्सपिअर 2007 पासून काढलं ते डावीकडून, दोन्ही चालतात. पण तुमच्याकडे कॅप्शन आहेत, सलग गद्य आहे, आणि मराठीची ओळ डावीकडून धावत असताना पॅनल उजवीकडून धावायला लागले तर नजर दर ओळीला अडखळेल. रफ आधीच सुरू झालेत तर हे लगेच ठरवा, कारण दार कोणत्या बाजूला उघडतं ते यावरच अवलंबून आहे.