टॉम ब्रेडी: माइक हातात, मालकी खिशात?

डावा_टॅकल (धागाकर्ता)
अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये सात सुपर बोल, म्हणजे अंतिम सामने, जिंकलेल्या क्वार्टरबॅकला, म्हणजे डाव चालवून पास टाकणाऱ्या खेळाडूला, खेळ कळत नाही असं कोण म्हणेल? माझा आक्षेप वेगळा आहे. ब्रेडी फॉक्स वाहिनीवर समालोचन करू लागला सप्टेंबर २०२४ मध्ये. ऑक्टोबरात लास वेगस रेडर्स या संघातला त्याचा छोटा हिस्सा बाकीच्या संघमालकांनी मंजूर केला. लीगलाही हे खटकलं असणार, कारण त्या वर्षी त्याच्यावर बंधनं आली: इतर संघांच्या सरावाला जायचं नाही, सामन्याआधी समालोचक कोच आणि खेळाडूंशी बोलतात त्या प्रोडक्शन मीटिंगांना बसायचं नाही, पंचांवर आणि इतर संघांवर जाहीर टीका करायची नाही.

शेवटचं बंधन परत वाचा. टीका करायला मनाई असलेला समालोचक! आणि त्यासाठी दहा वर्षांचे ३७.५ कोटी डॉलर, असं तेव्हा छापून आलं होतं.

वेगसचा_वारकरी
आला पुन्हा ब्रेडीद्वेष. अहो, पाच-सहा टक्क्यांचा भागीदार तो, त्याच्या हातात काय आहे? आमचा संघ २०२४ मध्ये ४-१३ होता. चोरून आणलेली गुपितं कुठे वापरली म्हणायची?

नोव्हायकर
हातात काय आहे ते आम्हा डेट्रॉइट लायन्सवाल्यांना विचारा. जानेवारी २०२५, डेट्रॉइट विरुद्ध वॉशिंग्टन, प्लेऑफ म्हणजे बाद फेरी. माइकवर ब्रेडी. आमचा आक्रमणाचा कोच बेन जॉन्सन. रेडर्सना तेव्हा नवा मुख्य कोच हवा होता, त्यांनी त्याच महिन्यात जॉन्सनची मुलाखत घेतली होती, आणि त्या शोधात ब्रेडी स्वतः होता. ज्याला नोकरी देऊ पाहतोय त्याच्याच कामावर हा देशभर निकाल देणार! चौथ्या क्वार्टरमध्ये जेमसन विल्यम्स या रिसीव्हरकडून, म्हणजे एरवी पास झेलणाऱ्याकडून, पास टाकवायची कसरत जॉन्सनने केली आणि चेंडू गेला वॉशिंग्टनकडे. ४५-३१ हरलो. अशा वेळी समालोचकाने कोचला धारेवर धरलं काय किंवा सांभाळून घेतलं काय, ऐकणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकणारच.

वेगसचा_वारकरी
आणि जॉन्सन गेला कुठे? शिकागोला. मोठाच प्रभाव म्हणायचा ब्रेडीचा!

जुना_काउबॉय
दोघांचंही चुकतंय. निष्पक्ष समालोचक असतो कुठे? क्वार्टरबॅक ट्रॉय एकमनने डॅलस काउबॉइजसाठी तीन सुपर बोल जिंकले आणि आज ईएसपीएन वाहिनीवर डॅलसची सालं तोच काढतो. मालकी असो नसो, जीभ चालली पाहिजे. माझी तक्रार एवढीच की ब्रेडी बेचव बोलतो. डॅलसचाच क्वार्टरबॅक टोनी रोमो २०१७ मध्ये मैदानावरून थेट सीबीएस वाहिनीवर समालोचनाला आला आणि जानेवारी २०१९ च्या पेट्रियट्स-चीफ्स सामन्यात चेंडू सुटायच्या आधी पुढचा डाव सांगत होता. त्या दिवशी ज्याचे डाव तो ओळखत होता तो पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक ब्रेडीच! आता रोमोही बराच घसरलाय, पण ते अवांतर. ब्रेडीसाठी फॉक्सने ग्रेग ओल्सनला समालोचकांच्या दुसऱ्या जोडीत ढकललं, त्याच ओल्सनला २०२४ मध्ये उत्तम समालोचनाचा स्पोर्ट्स एमी हा टीव्ही पुरस्कार मिळाला. तो क्वार्टरबॅक नव्हताच, टाइट एंड होता, म्हणजे अडवणारा आणि पास झेलणारा. तरी समजावून सांगायचं कसं ते त्याला जास्त कळतं.

डावा_टॅकल
काउबॉयबुवा, एकमनची डॅलसमध्ये मालकी नाही. जुनी माया वेगळी आणि नफ्यातला वाटा वेगळा. आणि २०२५ मध्ये लीगने ती बंधनंही सैल केली: प्रोडक्शन मीटिंगांना दुरून हजर राहायची मुभा. १५ सप्टेंबरला चार्जर्स संघाविरुद्ध ब्रेडी रेडर्सच्या कोचिंग बूथमध्ये, म्हणजे वरून सामना पाहणाऱ्या कोचांच्या खोलीत, हेडसेट लावून बसलेला सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला. लीग म्हणाली, नियमात बसतं. पुढच्या रविवारी तो डॅलस-शिकागो सामन्याचं समालोचन करत होता, आणि त्याच्या पुढच्या रविवारी शिकागो वेगसमध्ये रेडर्सशी खेळायला आलं. आता सांगा.

वेगसचा_वारकरी
सांगतो. तो सामना शिकागोने २५-२४ जिंकला. शेवटी आमचा फील्ड गोल, म्हणजे गोलखांबांतून मारायची किक, अडवून. एवढी हेरगिरी करून एका गुणाने हरणारा हेर आम्हाला नको, दुसरा द्या.

पुणेरी_पंट
आपल्याकडे हेच झालं होतं की. २०१७ मध्ये रामचंद्र गुहांनी क्रिकेट प्रशासक समिती सोडताना पत्रात गावसकरांवर बोट ठेवलं: खेळाडूंचं व्यवस्थापन करणाऱ्या कंपनीचे प्रमुख आणि समालोचकही. तेव्हा इथलेच लोक ‘सनीभाईंवर शंका?’ म्हणत चवताळले होते.

नोव्हायकर
पंट, फरक आहे. मंडळच समालोचक नेमतं तेव्हा निदान कोण कोणाचं खातंय ते कळतं. इथे पगार फॉक्सचा, वाटा रेडर्सचा. प्रश्न सोपा आहे: तुमचा कोच आपली खरी आखणी ब्रेडीसमोर उघड करेल? मी कोच असतो तर त्याला हवामान सांगितलं असतं.

जुना_काउबॉय
तेच तो रविवारी तीन तास सांगतो.