मदत हवी आहे: चिंचोक्याच्या गोळीतून औषध तासाभरातच बाहेर येतंय

एमफार्म_माटुंगा: नमस्कार मंडळी, अर्जंट आहे. शुक्रवारी गाईडना रिझल्ट दाखवायचाय. चिंचोक्यातल्या पॉलिसॅकराइडची (पाण्यात फुगणाऱ्या डिंकासारख्या पदार्थाची) सस्टेन्ड रिलीज, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी केलीय, बारा तास टिकायला हवी, तर पहिल्याच तासात ७० टक्के औषध बाहेर. तीन बॅच झाल्या, तिन्हीत तेच. काय चुकतंय कोणी सांगा ना.

लॅबवाला: औषध कुठलं? डिंक किती? मीडियम, म्हणजे टेस्टचं द्रावण, कुठलं? यातलं काहीच लिहिलं नाहीयेस.

एमफार्म_माटुंगा: सॉरी. मेटफॉर्मिन (डायबेटिसचं औषध) ५०० मिग्रॅ, चिंचोका २० टक्के, बाकी एमसीसी (भरीला सेल्युलोजची पूड) आणि मॅग्नेशियम स्टिअरेट (गोळी साच्याला चिकटू नये म्हणून). टेस्ट पॅडलने ढवळून, मिनिटाला ५० फेरे, ९०० मिली, ३७ डिग्री, आधी दोन तास ०.१ नॉर्मल एचसीएल (जठरासारखं आम्ल) मग ६.८ पीएचचा बफर (आतड्यासारखा).

गवार_डिंक: चिंचोका सोड, गवार डिंक घे. थंड पाण्यातही मस्त फुगतो, आणि मोठ्या आतड्यातले बॅक्टेरिया तो फोडतात म्हणून औषध थेट तिथे सुटतं. माझं पूर्ण डेझर्टेशन त्यावर होतं.

लॅबवाला: तिच्या गोळीला मोठ्या आतड्यात पोचायचंच नाहीये! मेटफॉर्मिन मुख्यतः लहान आतड्यात शोषलं जातं, तिथे गोळी खाली जाऊन उपयोग काय?

गवार_डिंक: फुगण्याचा मुद्दा तरी बरोबर आहे ना.

प्रॉडक्शन_ठाणे: एचपीएमसी के-१००एम (कारखान्यात तयार होणारा, जेल धरणारा पदार्थ) टाका आणि मोकळे व्हा. झाडाच्या डिंकात प्रत्येक लॉटची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) वेगळी, वर जंतूंची भीती.

एमफार्म_माटुंगा: नैसर्गिक हाच तर विषय आहे सर, बदलता येणार नाही.

आजीचा_बटवा: इसबगोल घेत असाल तर बाकीच्या गोळ्यांत थोडं अंतर ठेवा गं, औषध नीट लागू पडत नाही असं माझ्या डॉक्टरांनी सांगितलं.

लॅबवाला: ताई, तुझी गोळी टेस्टच्या जारमध्ये दिसते कशी? फुगून जेलचा थर धरते की तुटते?

एमफार्म_माटुंगा: दहा मिनिटांत कडा सुटतात, तळाशी पिवळट रवा जमतो.

गिरणगाव_काका: विषय माझा नाही, पण आमच्या गावी धनगर घोंगडीला चिंचोक्याची खळ लावायचे. भाजायचे, टरफल काढायचं, कुटायचे आणि मग चुलीवर रटारटा शिजवायचे. कच्ची पूड पाण्यात कालवली तर धरतच नाही, खाली बसते.

लॅबवाला: काकांनी नेमकं बोट ठेवलं! ताई, तू पॉलिसॅकराइड काढलंयस की मस्जिद बंदरहून पूड आणून सरळ मिसळलीस?

एमफार्म_माटुंगा: पूडच. चाळून घेतली, ४० मेशच्या (इंचाला ४० भोकं) चाळणीतून. पॉलिसॅकराइड म्हणजे तीच ना?

लॅबवाला: नाही गं. पुडीत प्रोटीन, तेल, चोथा सगळं आहे, आणि ती उकळल्याशिवाय पुरती फुगत नाही, तर ३७ डिग्रीला जेल धरेल कशी? थंड पाण्यात कालव, उकळत्या पाण्यात ओत, वीस मिनिटं ढवळ, रात्रभर ठेव. वरचं पाणी दुप्पट अल्कोहोलमध्ये ओतलं की दोऱ्यासारखा पांढरा गोळा तरंगतो, तो तुझा पदार्थ. वाळवून १०० मेशमधून काढ. एमसीसीही कमी कर, ते पाणी आत ओढतं.

प्रॉडक्शन_ठाणे: आणि २० टक्के मेटफॉर्मिनला कमीच पडतील, इतकं विरघळणारं औषध आहे. ३० आणि ४० पण कर.

एमफार्म_माटुंगा: थँक्यू सगळ्यांना, काका तुम्हाला खास. आज उकळतेय. ओव्हन सीनियर्सनी अडवलाय, पंख्याखाली वाळवलं तर?

लॅबवाला: या पावसात? बुरशी धरेल. सीनियर्सना विनंती कर, ट्रेवर पातळ पसरून ५० डिग्रीला ठेव.