पूरधोक्याच्या पाहणीत माणसांची असुरक्षितता कशी मोजायची? (करवीर तालुका)

पंचगंगाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी कोल्हापूरचाच, समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. करवीर तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावात पूरधोक्याची पाहणी करतोय. ३४० घरं आहेत. मिळालेल्या फॉर्मात घर कच्चं की पक्कं, नदीपासून किती लांब, साठीच्या वरची माणसं किती, शिक्षण किती, रेशनकार्ड कुठल्या रंगाचं, असे रकाने आहेत. प्रत्येकाला गुण द्यायचे आणि बेरीज करायची. बेरीज मोठी ते घर जास्त असुरक्षित.

पहिल्या ४० घरांतच मी अडकलो. नदीला लागून दुमजली घरात एक आजी-आजोबा राहतात. वय आणि अंतर यामुळं गुण भरपूर झाले. पण २०१९ ला पाणी यायच्या आदल्या दिवशीच मुलगा गाडी घेऊन आला आणि त्यांना पुण्याला घेऊन गेला. उलट गावाच्या वरच्या अंगाला भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या एक ताई तिशीतल्या, दहावी पास, घर स्लॅबचं. गुण अगदी कमी. त्यांच्याकडं पाणी उशिरा आलं, पण तोवर रस्ते बंद झाले होते आणि दोन लहान लेकरांसह त्यांना होडीतून काढावं लागलं.

वर्गात शिकवलंय की धोका म्हणजे संकट, संकटाच्या वाटेत असलेली माणसं-मालमत्ता आणि असुरक्षितता या तिघांचा गुणाकार. पाण्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर फूट-इंचात कळते. पाण्याच्या वाटेतली घरं मोजता येतात. तिसरी गोष्ट कशात मोजायची?

जुना पाटकरी (उत्तर)

पाटबंधाऱ्यात ३३ वर्षं काढली, म्हणून आधी माझ्या बाजूचं सांगतो. आम्ही पूररेषा आखतो. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पाणी कुठवर चढेल, एवढंच त्या रेषेवरून कळतं. त्या घरात कोण राहतं, याची तिला काहीच खबर नसते.

पुढचं किल्लारीनं शिकवलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेला भूकंप ६.२ च्या आसपासचा होता. जगात असे भूकंप दरवर्षी होतात, पुष्कळदा फारसं कुणी मरतही नाही. लातूर-उस्मानाबादमध्ये दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, कारण मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपेतल्या माणसांवर कोसळल्या. तशी घरं का होती, तर हाताशी दगड आणि मातीच होती.

बांगलादेशाचंही बघा. १९७० च्या चक्रीवादळात किमान तीन लाख माणसं मेली. १९७२ पासून तिथं गावोगाव स्वयंसेवक, इशाऱ्याचे झेंडे, भोंगे आले, नंतर निवारे वाढले. १९९१ ला तरीही सुमारे १ लाख ३८ हजार गेले, त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा फार जास्त. लेकरं सांभाळत, घरच्या पुरुषाची वाट बघत कितीतरी जणी घरातच राहिल्या. २००७ च्या सिदर चक्रीवादळात मेलेल्यांचा अधिकृत आकडा साडेतीन हजारांच्या आत आला. वादळं तेवढीच जोरकस होती.

बेरजेबद्दल माझं मत स्पष्ट आहे, करू नका. बेरजेत एक रकाना दुसऱ्याला झाकतो. घर स्लॅबचं म्हणून कमी झालेले गुण आत अंथरुणाला खिळलेल्या माणसाला गिळून टाकतात. आणि जिल्ह्याचे आकडे घ्याल तर ते २०११ च्या जनगणनेचे असतील. त्यानंतर दोन महापूर येऊन गेले.

वाडीतली आशाताई (उत्तर)

भाऊ, फॉर्मचं वाचून राहवलं नाही. मी आशा सेविका, चौदा वर्षं झाली. लिहायची सवय नाही, पण हे सांगायलाच पाहिजे.

२०१९ ला आमच्या वाडीतल्या एका मावशींच्या दारात होडी दोनदा येऊन रिकामी गेली. त्यांच्या दोन म्हशी, त्यातली एक गाभण. मावशी एकच विचारत होत्या, "म्हशी कुठं बांधू तेवढं सांगा, लगेच बसते." कुणालाच सांगता येईना. तिसऱ्या खेपेला गोठ्यात कमरेएवढं पाणी होतं. त्यांनी दावी सोडली आणि होडीत बसल्या. गाभण म्हैस परत मिळाली नाही. मागनं लोक म्हणाले, जनावरापायी जीव धोक्यात घालतात, अडाणी आहेत. मला फार लागलं ते. दर दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या बिलावर ते घर चालत होतं. तुमच्या फॉर्मात म्हशीचा रकाना आहे का? असला तर तो "मालमत्ता" म्हणून असेल आणि त्यानं मावशींचे गुण कमीच केले असतील.

दुसरं म्हणजे पाहुणे. पूर आला की आमच्याकडची बरीच माणसं छावणीत न जाता पाहुण्यांकडं जातात. पण आमच्या सोयरिकी कुठं झाल्यात? माझंच घ्या. माहेर कुरुंदवाडजवळ, नणंद चिखलीला दिलेली, जाऊ आंबेवाडीची. सगळं नदीकाठी. आम्हाला पाणी आलं तेव्हा त्या सगळ्यांच्याच दारात पाणी. आमच्या गल्लीत ज्यांची लेक कागलकडं माळावर दिलीय, त्यांच्या म्हशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आदल्या दिवशीच गेल्या. शेजारच्या घरी तेवढीच जमीन, तसंच घर, पण माळावर कुणी नाही. ते शेवटपर्यंत अडकले. म्हणून "नदीपासून किती लांब" याच्या खाली लिहा, "पूर आला तर कुणाकडं जाणार, आणि त्यांच्याकडं पाणी येतं का?"

आणि हे बाईमाणसाला वेगळं विचारा. गडी समोर असला की उत्तर येतं, "काय अडचण न्हाई."

माझ्या रजिस्टरात जुलै-ऑगस्टमध्ये दिवस भरणाऱ्या बायांची नावं असतात, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असणाऱ्यांची असतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३. आमच्या वाडीचा रस्ता ३९ च्या आधीच जातो. २०२१ ला पाणी ५६ फुटांवर गेलं, २०१९ पेक्षाही वर, पण त्या वेळी मी रस्ता जायच्या आत तीन गरोदर बाया दवाखान्याजवळ हलवल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. रजिस्टर होतं म्हणून जमलं. तुमच्या गावच्या आशाकडं पण ते असणार, तिला भेटा.

अजून एक. पाणी ओसरलं म्हणजे पूर संपला नाही. मातीची भिंत पाण्यात उभी राहते आणि ऊन पडल्यावर खचते. बचतीचे, फायनान्सचे आठवड्याचे हप्ते थांबत नाहीत. आमच्यातल्या दोघींनी २०१९ चे हप्ते भरायला कानातलं मोडलं, आणि २०२१ ला मोडायला काही राहिलं नव्हतं. मागच्या पुरातलं किती कर्ज अजून डोक्यावर आहे, हे विचारल्याशिवाय कुणाचं किती कठीण आहे ते कसं कळणार?

इचलकरंजीकर (उत्तर)

ताईंच्या म्हणण्याला जोडून दोनच गोष्टी. आमच्याकडं यंत्रमागावर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचे कामगार आहेत. रेशनकार्ड गावाकडचं, मतदान गावाकडं, खोली भाड्याची. पंचगंगा शिरली की पंचनामा होतो तो घराचा, आणि घर मालकाचं. माणसं घरपट्टीच्या यादीवरून शोधू नका, वस्तीत फिरून शोधा.

आणि महिना बघा. २०१९ चा महापूर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आला, गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला होती. कोल्हापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत, बापट कॅम्पात तेव्हा मूर्तीच मूर्ती असतात. वर्षाची कमाई त्या एका महिन्यात अडकलेली असते. तेच पाणी फेब्रुवारीत आलं असतं तर त्या घराचं नुकसान वेगळं झालं असतं.

पंचगंगाकाठ (प्रश्नकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल पुन्हा बारा घरांत गेलो आणि पाहुण्यांचा एकच प्रश्न विचारला. सात घरांचे सगळे जवळचे पाहुणे नदीकाठचेच निघाले. दोन घरांना माळावर कुणीतरी आहे, पण म्हशी बांधायला जागा नाही. भाड्याच्या खोलीतल्या ताईंची बहीण पन्हाळ्याला असते. मी सुटकेचा श्वास सोडला, तर त्या हळूच म्हणाल्या, "चार वर्षं आम्ही बोलत नाही." हे कुठल्या रकान्यात घालू?

जुने पाटकरी काका, बेरीज काढून टाकतोय. प्रत्येक घरापुढं आता "काय अडवेल" एवढंच एका ओळीत लिहिणार आहे. विभागाला आकडे हवेच असतील तर त्यावरून नंतर काढू.

आशाताई, तुमच्या रजिस्टरात रकाने कसे आखलेत, ते नावं झाकून दाखवाल का? आमच्या गावच्या आशाताईंना विचारलं, त्या बुधवारी लसीकरणाच्या दिवशी या म्हणाल्या. त्याआधी बघितलं तर मला नीट विचारता येईल.